मुख्य अर्जदार तुझी सून

माय, आम्ही दोघं आता समुद्राच्या काठाला राहायला आलोय. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा आपल्या घरात पासपोर्ट कुणाकडंच नव्हता, म्हणून नीट सांगतो. मॉरिशस नावाचं बेट आहे, आफ्रिकेच्या अंगाला. तुझ्या सुनेनं भोकरच्या कॉलेजात पस्तीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर समुद्राचे प्रवाह काढले, आणि रोज बघितली ती आपली गोदावरी. रिटायर झाल्यावर आम्ही आठ दिवस इथं फिरायला आलो होतो. बाजारात वांगी विकणारी एक म्हातारी आमचं बोलणं ऐकून एकदम म्हणाली, "बसा, बसा." तिचे पणजोबा कोकणातून इथल्या उसाच्या मळ्यात कामाला आलेले, तिच्याकडं मराठीचे दहा-वीस शब्द उरलेत, ते तिनं आम्हाला सगळे बोलून दाखवले. परतीच्या विमानात तुझी सून म्हणाली, "इथंच राहायला यायचं का?" मी हसलो. ती हसली नाही.

लातूरला व्हिसाची कामं करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पर्यटक म्हणून गेलात तर कागद कमी, पण परतीचं तिकीट दाखवायचं आणि मुदत संपली की निघायचं. दुसरा व्हिसा वर्षभराचा. तिसरा रिटायर झालेल्यांचा, लांब मुदतीचा परवाना. त्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम तिथल्या बँकेत आली पाहिजे, आणि एकाच्या परवान्यावर दुसऱ्याला राहता येतं. मी लगेच पहिल्यावर बोट ठेवलं. माझं मोटार वायंडिंगचं दुकान चालू होतं, येऊन-जाऊन राहिलो असतो. बाई म्हणाल्या, "काका, पेन्शन कुणाला आहे?"

"हिला."

"मग तिसरा घेतलात तर मुख्य अर्जदार मॅडम. तुम्ही डिपेंडंट."

म्हणजे बायकोवर अवलंबून असलेला. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस मी! तुझी सून तोंडाला पदर लावून हसून राहिली होती. परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. शेवटी म्हणालो, "दुकान कसं सोडू?"

"दुकानाचं निमित्त सांगू नका," ती म्हणाली. "त्या एका शब्दानं तोंड उतरलंय तुमचं." मग हळू म्हणाली, "पस्तीस वर्षं मी परतीच्या बसची वेळ बघत शिकवलं. शेवटचा तास असला की अर्धं लक्ष घड्याळात. आता परतीची तारीख ठरवून मला कुठंच जायचं नाही."

माय, तिथं तू आठवलीस, त्या जुन्या रात्रीची. आमच्या लग्नाला सहा महिने झालेत. तिला भोकरच्या नोकरीची ऑर्डर आलीय, आणि आम्ही सगळे चुलीपाशी जेवायला बसलोय. धाकटे काका म्हणतात, "घरची सून रोज बसनं परगावी जाणार? बरं दिसत न्हाई. ऑर्डर परत पाठवा." बाबा मान हलवतात. मी ताटात बघतो. तू भाकरी उलटतेस आणि पाठमोरीच बोलतेस, "पोरगी जाईल. सैपाक मी करते. ज्याला बरं दिसत न्हाई, त्यानं तिकडं बघू नये." मग माझ्याकडं वळतेस. "आन तू रं? तोंडात भाकर हाय का कुलूप?"

तू रोज पहाटे उठून तिचा डबा केलास. रविवारी ती परातीत पीठ पसरून बोटानं तुला समुद्राचे प्रवाह काढून दाखवायची. गरम पाणी हिकडून जातं, थंड तिकडून येतं. तू विचारायचीस, "मंग एकमेकाला भिडत न्हाईत का?" ती म्हणायची, "भिडतात ना. तिथं मासळी लई." आणि त्याच पिठाच्या तुम्ही दोघी हसत भाकरी करायच्यात.

दुसऱ्या दिवशी मीच लातूरला फोन लावला, तिसरा परवाना म्हणून सांगितलं. तिच्या पेन्शनमध्ये जे कमी पडत होतं, ते दुकान विकून भरून निघालं. एकच कागद नव्हता: लग्नाचा दाखला. तेव्हा कुणी काढला होता? मग अडतीस वर्षांनी आम्ही महापालिकेत लग्नाची नोंदणी करायला गेलो. तिनं हिरवी साडी नेसली होती. फोटो काढताना कारकून म्हणाला, "नवरदेव, जरा नवरीच्या जवळ सरका." सगळं ऑफिस हसलं. मी सरकलो. बाहेर आल्यावर आम्ही साक्षीदारांना पेढे वाटले आणि दोघांनी एकेक जास्तीचा खाल्ला.

इथं येऊन तीन महिने झालेत. परवान्यावर नोकरी-धंदा करता येत नाही. परवा शेजाऱ्याची पाण्याची मोटार बंद पडली, तर मी पाना घेऊन निघालो. तुझी सून दारात आडवी. "काम करायची परवानगी न्हाई तुम्हाला!" म्हटलं, "काम कुठलं, शेजारधर्म हाय." शेजाऱ्यानं दोन पपया दिल्या.

त्यातलीच एक ती चिरत होती, तेव्हा मी तिला ते सांगून टाकलं. खरं तर तेच तुला सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. तिच्या नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी चुलीपाशी काका जे बोलले, ते मीच त्यांना बोलायला लावलं होतं. बायको माझ्यापेक्षा जास्त कमवील याची भीती वाटायची, आणि तुझ्यासमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती.

तिनं सुरी थांबवलीसुद्धा नाही. "माहीत हाय," म्हणाली. "आईंनी त्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणाल्या, त्याला कळू देऊ नको, पोरगं लाजंल."

म्हणजे तुला कळवायचं काही उरलंच नाही, माय. तरी लिहिलं. लाज वाटायच्या ऐवजी मी इतका हसलो, की तिला पपई बाजूला ठेवावी लागली.