दीपालीच्या ग्रहाचं पाणी

७ नोव्हेंबर २०२५

पुन्हा वाळला! दीपालीचा ग्रह. चांगला समुद्र होता, नव्वद वर्षांत संपला. कॉम्प्युटरमधली वर्षं ती. आपले तीन दिवस.

पोरगी जेवली नाही. म्हणाली, "बाबा, पंधरा तारखेपर्यंत नाई जमलं तर पुण्याले पीएचडीले परत जात नाई. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवाले अर्ज टाकीन. घरूनच येणंजाणं करीन."

मी "बरं" म्हणालो. आतून बरंच वाटलं. दीपालीची आई, दुर्गा, मार्चमध्ये वारली, तेव्हापासून हे घर मला मोठं पडतं.

८ नोव्हेंबर

रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, बांधावर. दीपाली लॅपटॉप घेऊन तिथेच बसते. शेजारची सोमारीबाई धान कापून परत येत होती, थांबली.

"डोमाभाऊ, पोरगी काय पाहून राह्यली?"

"दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावर पाणी टिकते का, ते."

"आपली पाळ झिरपून राह्यली, ते कोणी पाहत नाई!"

दीपाली हसली. अगदी दुर्गेसारखी, नाकातून. किती महिन्यांनी ऐकलं!

त्या ग्रहाचं वर्ष अकरा दिवसांचं. म्हणजे तिथल्या मापाने दुर्गेला जाऊन बावीस वर्षं झाली. हे तिला सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सिंदेवाहीहून आकडे छापून आणले तिने. "तुम्ही तरी पाहा."

भात संशोधन केंद्रावर एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठला मी पाऊस मोजला. कविता समजत नाही, आकडे समजतात.

ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडे, दुसरीकडे कायम अंधार. उजेडाकडची वाफ अंधारात जाते, बर्फ होऊन पडते. ठीक. पण समुद्र, हवा, बर्फ — तिन्ही रकान्यांची बेरीज तेवढीच राहायला हवी. पाणी जाईल कुठे?

बेरीज केली. कमी होते! बर्फ एक मीटरवर गेला की दर वेळी कमी. बांधाला भोक आहे. सापडलं!

मग लक्षात आलं — सांगितलं की ती जाणार.

कागद टेबलावर तसेच ठेवून बाहेर गेलो.

११ नोव्हेंबर

सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

१२ नोव्हेंबर

सकाळी ती अर्ज लिहायला बसली. समोरच दुर्गेचा फोटो. मला पाहवेना.

"तुया बांधाले भोक आहे," म्हणालो आणि आकड्यावर बोट ठेवलं.

कुठे, कसं — काही विचारलं नाही! लॅपटॉप उचलला आणि बिनचपलेची पाळीकडे धावली. तासाभराने ओरडतच आली. प्रोग्राम मुळात पृथ्वीसाठी लिहिलेला. बर्फ फार साचला की वरचा नदीत सोडायचा, नदीने तो समुद्रात न्यायचा. हिने ग्रहाच्या अंधाऱ्या बाजूला नदीच काढली नव्हती! पाणी सोडलं, पोचलं कुठेच नाही.

"बाबा, मी नदीच विसरली!"

"धानपट्टीतली पोरगी अन् पाट विसरली?"

दोघंही हसत सुटलो. पोट दुखेपर्यंत. आता बर्फ हळूहळू घसरत समुद्रात येईल असं तिने केलं आहे.

१६ नोव्हेंबर

टिकला! एकशेवीस वर्षं झाली, समुद्र जागेवर!

नव्या तांदळाचा भात केला. आधी दुर्गेच्या आणि वाडवडिलांच्या नावाने काढून ठेवला, मग आम्ही खाल्ला. सोमारीबाईला डबा नेऊन दिला. "ग्रहाचं झालं? मंग आता पाळीचं पाह्य म्हणा तिले." दीपाली खरंच फावडं घेऊन गेली!

अर्जाची तारीख काल गेली. अर्धा लिहिलेला अर्ज तसाच पडून.

१८ नोव्हेंबर

सकाळच्या बसने गेली. खिडकीतून बराच वेळ हात हलवत होती.

१९ नोव्हेंबर

कागद टेबलावरच आहेत. आकड्याखाली माझी पेन्सिलची रेघ. केंद्रावरची सवय — आकडा संशयाचा वाटला की खाली रेघ, आणि ती खोडायची नाही. सोमवारी मारली होती, माझ्या ध्यानातही नव्हतं.

रेघेखाली दीपालीचं अक्षर: "सोमवारीच पाहिली, बाबा. तुमच्यासंगं दोन दिवस मलेही पाहिजे होते."