टॅविस्टॉकला चहा

रविवार, ६ मे

क्लेमेंट लीड्सला जाणार, पार उत्तरेला! कायमचा. त्याच्या मुलीनं, व्हेरिटीनं, तळमजल्यावरची खोली त्याच्यासाठी रिकामी केलीय. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. चर्चमधून बाहेर पडता पडता सांगितलं, टोपी सारखी करत.

आणि मी काय म्हणाले? ‘वा, छानच की! नातवंडांत राहशील.’

तो म्हणाला, ‘हो ना. छानच.’

मग दोघंही हवेबद्दल बोललो.

छान कसलं डोंबलाचं!

सोमवार, ७ मे

वाफ्यातलं गवत काढलं. त्यासोबत दोन चांगली रोपंही उपटली.

मंगळवार, ८ मे

तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. लोकांच्या चारशे शब्दांच्या बातम्या चाळीसात बसवल्या, त्याही वेळेत. आणि ‘जाऊ नकोस’ एवढे दोन शब्द रविवारपासून तोंडातून निघत नाहीत. विचारल्याशिवाय कुणाच्या घरच्या गोष्टीत पडू नये — आईनं लावलेली शिस्त. आई जाऊन वीस वर्षं झाली, शिस्त काही जात नाही.

उद्या क्लेमेंटचा नि माझा महिन्याचा चहा, टॅविस्टॉकला. सहा वर्षांत एकदाही चुकलेला नाही. तिथे बोलायचं. नक्की.

बुधवार, ९ मे

ऊन! वाटेतली मेंढरंसुद्धा धुतल्यासारखी दिसत होती.

आम्ही ओकहॅम्प्टनच्या थांब्यावर नऊ अठ्ठावीसला, आणि बसही तेव्हाच हजर. म्हाताऱ्यांचा फुकट पास साडेनऊनंतरच चालतो. ड्रायव्हरबाई म्हणाली, ‘आजोबा, दोन मिनिटं लवकर आलात. बुटाची नाडी सुटलीय का बघा बरं.’ क्लेमेंटनं वाकून घट्ट बांधलेली नाडी सोडली, पुन्हा बांधली. मागे रांगेतले सहा जण शांतपणे उभे. ‘झालं साडेनऊ,’ बाई म्हणाली. सगळे चढलो.

टॅविस्टॉकला बाजार हिंडलो, नदीकाठी बसलो. बोलायला चार संधी आल्या. चारही मी बदकं दाखवण्यात घालवल्या.

तीन वाजता यीओबाईंच्या चहाघरात. खिडकीजवळचं आमचं टेबल, आणि नेहमीचे मनुका घातलेले स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे छोटे गोल पाव. यीओबाई हात पुसत आल्या, चेहरा पडलेला.

‘हेस्टरबाई, रागवू नका हं. मनुका आणायच्या राहिल्या. आज साधेच स्कोन आहेत.’

‘असू दे,’ मी म्हटलं, आणि क्लेमेंटकडे सहानुभूतीनं पाहिलं. तर हा चक्क खुललेला! स्कोनवर आधी जॅम, वर साय — कॉर्नवॉलचा ना तो. आम्ही डेव्हनचे लोक आधी साय लावतो, वर जॅम. ‘उलटं घर बांधतोस, आधी छप्पर,’ हे मी दर महिन्याला म्हणते. ‘तुम्ही डेव्हनवाले सायीला लोणी समजता,’ हे तो म्हणतो. पण आज त्याला ऐकायला वेळ नव्हता. दुसराही उचलला.

‘साधे आवडतात वाटतं?’

‘खरं सांगू? मनुका मला कधीच आवडल्या नाहीत. दातात अडकतात.’

‘मग सहा वर्षं कशाला खाल्ल्यास?’

‘तुला आवडतात म्हणून!’

‘मला? अरे, मी तुझ्यासाठी मागवत होते! मी तर त्या गुपचूप रुमालात काढून ठेवते.’

यीओबाई किटली घेऊन तशाच उभ्या. ‘अगं बाई! आणि मी दर महिन्याला फक्त तुम्हा दोघांसाठी त्या घालत होते. दुसरं कुणी मागत नाही!’

हसून हसून डोळ्यांत पाणी. शेजारच्या टेबलावरच्यांनी आमच्याकडे न बघण्याचं काम मोठ्या निष्ठेनं केलं.

क्लेमेंटनं चष्मा पुसला. ‘हेस्टर, आणखी काय काय गिळलंस माझ्यासाठी?’

आता नाही तर कधीच नाही.

‘लीड्स छान आहे म्हणाले, ते. छान नाहीये. जाऊ नकोस.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कपाकडे. ‘चहा गार होतोय,’ म्हणाला.

बस. एवढंच! परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत होता. उतरल्यावर टोपी उचलली, गेला.

आणि तरी मला वाईट वाटत नाहीये. साधा स्कोन फार चांगला होता. दोन खाल्ले.

गुरुवार, १० मे

फोन नाही. मीही केला नाही. एकदा अंक छापून गेला की मजकूर बदलता येत नाही. झोप मात्र गाढ लागली.

शुक्रवार, ११ मे

सकाळी क्लेमेंट येऊन गेला. व्हेरिटीला नाही म्हणून कळवलं. घर मात्र विकायला काढतोय. माझ्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन येतं का, विचारत होता. येत नाही, स्पष्ट सांगितलं. चालेल म्हणाला.