तुह्या नावाच्या तिकिटावर

जळगाव जामोद,
माघ शुद्ध पंचमी, सन १९६२

तीर्थस्वरूप सौ. सत्यभामाबाई, माह्या मोठीबाईले, धाकट्या झुंबरचा वाकून नमस्कार. भाऊजींलेही सांग.

इकडं सारे खुशाल. अष्टग्रहीनं जग बुडणार म्हणून आमच्या गल्लीत आठ दिवस भजनं झाली. शेजारच्या केसरबाईनं तर भीतीनं घरातलं सारं तूप वाटून टाकलं. जग काही बुडालं नाही. आता ती वाटी घेऊन दारोदार तूप मागत फिरून राह्यली.

मी अंदमानाहून आले त्याले पंधरा दिवस झाले. बाई, पहिले तुह्या पायावर डोकं ठेवते. तुह्या लेकानं, शेषरावनं, बोटीचं तिकीट तुले धाडलं, भाऊजींनी पाकीट फोडलं अन् तू ते तिकीट ओसरीवर माह्याकडं सरकवलं. म्हणलीस, "तुले लई हौस आहे न फिरायची, तूच जाय!" रागानं म्हणलीस, मले काय समजत नाही? पण मी उचललं. जिनं जल्मात नांदुऱ्याच्या पुढची आगगाडी पाह्यली नव्हती, तिले तू समुद्र दाखवलास. हे उपकार मी मरेपर्यंत इसरणार नाही.

आता नीट ऐक, हे तुह्या कामाचं आहे. काऊन, ते मागून सांगते.

पहिले दवाखान्यात जाऊन देवीची अन् पटकीची सुई टोचून घ्यायची. त्याचा कागद नसला तर बोटीवर पायच ठेवू देत नाहीत. मले दोन दिवस ताप आला. दंड माहा सुजला अन् कागद तुह्या नावाचा, काऊन की तिकीट तुह्या नावाचं! बोटीवर साहेबानं विचारलं, "सत्यभामाबाई कोण?" मी पदर सावरून हात वर केला. लबाडीची सुरुवात तिथूनच झाली पाह्य.

मलकापुरातून कलकत्त्याची गाडी. तिथून बोट, चार दिवस. मलकापूरचे रज्जाकभाई लाकडाच्या कामासाठी तिकडं जातात, त्यांची घरवाली नजमुन्निसा सोबतीले होती म्हणून मी निभावले. बोटीत झोपायची जागा मधोमध धरायची, टोकाले नाही. टोकाले माणूस सुपातल्या दाण्यासारखा उडते. संगं सुंठ अन् लिंबू ठेवजो. पोट रिकामं ठेवू नको. मी पहिल्या दिवशी उपास धरला अन् आतडी बाहेर यायची राह्यली. नजमुन्निसा माही पाठ चोळत म्हणे, "आपा, देव माफ करेगा, थोडी रोटी खा लो!"

तिकडं ज्वारी नावालेही भेटत नाही. पीठ घेऊन जाजो, पण घट्ट डब्यात. ओल इतकी की माह्या पोथीले बुरशी आली. दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत जायचं. मग पाऊस लागते तो थांबत नाही, अन् जंगलात जळवा. दिवस लवकर उजाडते अन् संध्याकाळी पाचलेच दिवे लागतात. मी दोन दिवस शेषरावच्या घड्याळालेच बोल लावला. लुगडी सुती नेजो, लवकर वाळतात. अन् नारळ नेऊ नको, बाई! मी इथून पेटीत नारळ नेला, तर तिथं उतरल्याबरोबर जिकडं पाहावं तिकडं नारळच नारळ. धक्क्यावरचा हमाल पोट धरून हसला.

नारळ काऊन नेला, ते आता सांगावं लागन.

तू म्हणशीन, झुंबरनं चार पानं खरडली अन् घरातलं काहीच लिहिलं नाही. लिहिते. सहा वर्सं झाली, शेषरावनं न विचारता तिकडच्या बंगाली निर्वासिताच्या पोरीशी लगन लावलं. तवापासून तू त्याचं एक पत्र उघडलं नाहीस. पोरीचं नाव शेफाली. नात चार वर्साची, टुनू. नाक थेट तुह्यावर गेलं, राग आल्यावर फुगते.

बोट धक्क्याले लागली तेव्हा त्यानं दुरून नऊवारी लुगडं पाह्यलं. "माय! माय आली!" म्हणून गर्दीतून पळत आला. जवळ आल्यावर त्याचे पायच थांबले. तेवढ्यात शेफालीनं डोक्यावर पदर घेऊन माह्या पायाले हात लावला अन् म्हणली, "मा." ती रडून राह्यली होती. शेषरावनं तिच्या डोक्यावरून माह्याकडं पाह्यलं. खरं त्यानंही सांगितलं नाही, मीही नाही. टुनू मले आजी म्हणायले लागली, अन् मी 'ओ' द्यायले लागले.

सव्वा महिना मी तुही जागा घेऊन बसले, बाई. तुह्यासाठी शेफालीनं दोन महिन्यांपासून वेगळी चूल मांडून ठेवली होती, मासळीचा वास नको म्हणून. तांदळाच्या पिठाची भाकर थापायले शिकली होती. ती मी तुह्या नावानं जेवत होते.

निघायच्या आठ दिवस आधी राहावलं नाही. पेटीतून खण अन् तो नारळ काढला. ते मीच नेलं होतं, सुनेची ओटी रिकामी राहू नये म्हणून. पण माह्या बिनकुंकवाच्या कपाळानं मी कशी भरू? मी रडत म्हणलं, "पोरी, मी तुही सासू नाही. मावससासू आहे. हे तुह्या सासूनं धाडलं."

ती हसली. म्हणे, "हम जानता था, मासीमा. पहला दिन कपाल देखा. बाबा तो है गाँव में." तिचा सासरा जिता असताना माही कपाळपट्टी कोरी, हे तिनं धक्क्यावरच ओळखलं होतं. तरी 'मा' म्हणली. विचारलं काऊन, तर म्हणे, "आप इतना दूर आया. हम कैसे बोले, आप वो नहीं?"

मग खणाकडं बोट दाखवून विचारलं, "ये सच में माँ ने भेजा?"

मी टुनूच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हणलं.

बाई, हेच सांगायचं होतं. बोट, सुई, सुंठ, सारं त्याच्यासाठीच. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून मी तुह्या नावानं खोटं बोलले. ते खरं करणं तुह्या हातात आहे, दुसऱ्या कोणाच्या नाही.

शेजारची सवाशीण ओटी भरायले तयार होती. शेफालीनं भरू दिली नाही. जिनं धाडला तीच भरन म्हणे. नारळ देवापाशी ठेवला. तिकडच्या ओलीनं मी निघायच्या आधीच त्याले कोंब फुटला, बोटभर. टुनू रोज चुळकाभर पाणी घालते. मले म्हणे, "ठाकुमा कब आएगी?" ठाकुमा म्हंजे बापाची माय. मले आता ती मासी-ठाकुमा म्हणते, तेही लई झालं.

रज्जाकभाई शिमगा झाल्यावर पुन्हा जाऊन राह्यले. नजमुन्निसा सोबत आहे, तिले मी तुह्या उपासांचं सांगून ठेवलं. सुईच्या कागदाचीही काळजी नको. माह्यापाशी तुह्या नावाचा आहेच, पण या खेपेस टोचून तूच घेजो.

नारळ नेऊ नको. तुहा तिथं गेलेला आहे. फक्त कुंकवाची डबी घेजो.

तुह्या जागेवर बसून, ती तशीच ऊन ठेवून आलेली,
तुही धाकटी झुंबर