दोन नंबरच्या खोलीतला नकार

प्रिय मार्ला,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, मी त्यांना कळवून टाकते, मुलाखतीला येत नाही म्हणून," आणि मी गप्प बसले. तू दोनदा हॅलो हॅलो केलंस. लाईन गेली असं तुला वाटलं. आपल्या दरीत लाईन जातेच, पण तेव्हा ती गेली नव्हती. जिला गप्प करायला खाण कंपनीचे वकील आणि दोन शेरीफ कमी पडले, त्या तुझ्या आईला त्या क्षणी शब्द सापडला नाही, इतकंच. म्हणून आज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिते आहे. लिहिताना मला मधेच कुणी तोडू शकत नाही, तूसुद्धा नाही.

तुझं म्हणणं मी आधी जसंच्या तसं मांडते. सभेत विरोधकाचं म्हणणं नीट मांडल्याशिवाय खोडू नये, हे मी खाणकामगार संघटनेत पोरासोरांना शिकवलं आहे. तर तुझं म्हणणं असं. एवढा अभ्यास झाला, परीक्षा झाली, अर्ज गेले, पाच मेडिकल कॉलेजांनी नकार दिला, सहाव्याने बोलावलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी मुलाखत. आणि तू जाणार नाहीस, कारण गेल्या मंगळवारी डॉक्टर ब्लेव्हिन्सच्या दवाखान्यात एका पेशंटने तुला खोलीत घ्यायला नको म्हटलं. "माझं तोंडसुद्धा न बघता नको म्हणाले, आई. मी दुसऱ्याच्या दुखण्यावर अर्जाला लागणारे दवाखान्यातले तास भरायला येते, हे लोकांना बाहेरूनच कळतं." हे तुझे शब्द. ते मला रविवारपासून चावताहेत.

तू हा रस्ता का धरलास, ते विसरलीस का? लॉर्ना मावशीने तुझी काय थट्टा केली होती! "एवढं शिकून पोरगी हाडवैद्य होणार? मग नाल ठोकणारा बड काय वाईट होता? तो घोड्यांचीही हाडं बसवायचा." मी तिला म्हटलं, लॉर्ना, तुझ्या नवऱ्याचा हार्ट अटॅक ओळखला कुणी? ब्लेव्हिन्सनेच ना? ऑस्टिओपॅथिक डॉक्टर म्हणजे पुरता डॉक्टर, बाई. तोच परवाना, तीच औषधं, तेच ऑपरेशन, आणि वर हातांनी माणूस वाचायचं जास्तीचं शिक्षण. त्यावर ती काय म्हणाली आठवतं? "हातांनी वाचायचं तर माझा नवराही शिकला होता, लग्नाच्या आधी." तू हसता हसता ताकातला मक्याचा पाव टेबलभर उडवलास. बाबा गेल्यानंतर या घरात पहिल्यांदा कुणी तसं हसलं होतं.

अर्जातल्या निबंधाचा पहिला खर्डा तू मला वाचून दाखवलास, त्यात होतं, "मला संपूर्ण माणसाकडे पाहायचं आहे." मी म्हटलं, हे वाक्य सगळेच लिहीत असतील, खोडून टाक. मग तू चिडून विचारलंस, का, खोटं आहे का? खोटं नाही गं. पण ज्याने अर्ध्या माणसाकडे बघणारे डॉक्टर पाहिलेत, त्यालाच ते लिहायचा अधिकार. तू पाहिले आहेस. खाणीत पुन्हा उतरू शकतो की नाही, एवढाच अर्धा माणूस कंपनीचे डॉक्टर बघायचे. उरलेला अर्धा आपण घरी आणायचो आणि खुर्चीत बसवायचो.

मग तू ब्लेव्हिन्सची सावली होऊन फिरायला लागलीस. अंगावर पांढरा कोट नाही, कशाला हात लावायचा नाही, कचऱ्याच्या डब्याशेजारी पाठीमागे हात बांधून उभं राहायचं. पहिल्याच दिवशी म्हातारा एस्टेप डॉक्टरांना म्हणाला, "ही कोण? माझ्या शवपेटीचं माप घ्यायला आणलीत काय?" डॉक्टर म्हणाले, "नाही, माझ्यावर लक्ष ठेवायला आणली आहे." "मग बरं. कुणीतरी ठेवायलाच हवं होतं." हे सांगताना तुझा आवाज कसा उजळला होता! तू म्हणालीस, डॉक्टर एस्टेपच्या मानेखाली नुसते हात धरून बसले होते, काहीच करत नव्हते, आणि थोड्या वेळाने म्हातारा रडायला लागला. त्या दिवशी मला कळलं, ही पोरगी डॉक्टर होणार. आता कुणाची छाती आहे तिला अडवायची?

आणि अडवलं कुणी, तर एका शब्दाने.

ब्लेव्हिन्सची रीत तुला ठाऊक आहे. विद्यार्थी बाहेर थांबतो, ते दार वाजवून एकटे आत जातात आणि विचारतात, "माझ्याबरोबर एक विद्यार्थिनी आहे, आत आली तर चालेल का? नको म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही." या एका प्रश्नासाठी मी त्या माणसाचा आदर करते. तुझ्या बाबांना हे कुणी विचारलं नाही. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं गेली, त्या भरपाईच्या दाव्यासाठी कंपनीने त्यांना तपासायला बोलावलं, तेव्हा मी दारात होते. कमरेपर्यंत उघडं करून उभं केलं होतं. खोलीत तीन डॉक्टर, एक वकील, आणि कोपऱ्यात कोणी एक सँडविच खात होता. तो कोण, हे आजवर मला कळलेलं नाही. बाबांच्या छातीकडे बघत तो चघळत होता. शेवटी त्यांनी कारण काय लिहिलं? सिगारेट! हर्शेलने जन्मात सिगारेट ओढली नाही. तंबाखू चघळायचे, तेही मला चोरून. त्यानंतर मी प्रत्येक व्यासपीठावरून ओरडले, की माणसाची छाती ही माणसाची आहे, तिचा एक्स-रेचा फोटोही त्याचाच, आणि ती कुणी बघायची हे तोच ठरवणार. लोक टाळ्या वाजवायचे. मार्ला, त्या टाळ्यांचा अर्थ हाच, की पेशंटला नको म्हणता आलं पाहिजे. मंगळवारी कुणीतरी तो हक्क वापरला. बंद दार हा तुझा अपमान नव्हता. ज्या डॉक्टरला कुणी कधी नको म्हटलंच नाही, तो डॉक्टर शेवटी सँडविच खात बघणारा होतो.

आता घरची बातमी. ही वाचून लगेच लॉर्नाला फोन करू नकोस.

फेब्रुवारीपासून घरात बाबा खोकतात.

मी काय बोलते आहे ते मला कळतं. भुतं नसतात, मालक असतात, असं मी आयुष्यभर सांगत आले. बाईचं पाऊल पडलं की खाण बसते असं म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून मी अकरा वर्षं खाली छताच्या दगडात भोकं पाडून आधाराचे बोल्ट मारले, आणि एकही छत बसलं नाही. असल्या बाईने हे लिहायचं म्हणजे काय! पण तो खोकला तुलाही पाठ आहे. आधी एक कोरडा ठसका. मग जरा थांबून खोलवरून ओढून घेतलेला. मग तो शेवटचा, ओल्या खडीत फावडं घातल्यासारखा. मी फळीवरून टोमॅटोच्या बरण्या काढत होते, आणि तो माझ्या पाठीमागे आला. वळले, तर झाडू, आणि खुंटीला त्यांचं जॅकेट. दुसऱ्या आठवड्यात कपडे वाळत घालताना आला. मग गाडीत. जिथे जाईन तिथे माझ्या जरासा मागे, जसे ते चालायचे. मी ऑक्सिजनचं मशीन परत पाठवल्यापासून या घरात जी शांतता होती, ती तू इथे राहिली असतीस तर तुला कळली असती. खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. एकदा मी मोठ्याने विचारलंसुद्धा, "हर्शेल, पाणी देऊ का?" आणि उत्तर म्हणून पुन्हा तोच ठसका आला. मी हसले. कुणीतरी होतं ना घरात.

आपल्या ब्लू कुत्र्याची सवय तुला आठवते. बाबा खोकायला लागले की तो जिथे असेल तिथून उठायचा, खुर्चीशी जायचा आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायचा. ते गेल्यावर बिचाऱ्याला कामच उरलं नाही. तर मार्चमधली एक दुपार. मी इथेच, याच टेबलाशी बसले होते. खोकला आला, तिन्ही ठसके, पुरते. ब्लूने कान टवकारले. उठला. मी मनात म्हटलं, चला, साक्षीदार मिळाला, यालाही ऐकू येतंय. आता तो खिडकीशी जाईल, त्या रिकाम्या खुर्चीकडे. मी बघत राहिले. तो खुर्चीपाशी न थांबता पुढे आला, टेबलाला वळसा घातला, आणि हनुवटी माझ्या गुडघ्यावर ठेवली.

कुत्र्याशी वाद घालता येत नाही, मार्ला. माझ्या छातीवर माझाच हात होता, आणि तो कधी गेला होता ते मला ठाऊक नव्हतं.

तरी मी काही आठवडे वाद घातलाच. शेवटी ब्लेव्हिन्सकडे गेले. तू बुधवारी आणि शुक्रवारी असतेस, म्हणून मुद्दाम मंगळवार धरला. गाडी चर्चच्या मागे लावली. एक्स-रेच्या बाजूच्या दाराने आत आले, आणि काउंटरवरच्या ओपलला बजावलं की हाक मारताना माझं नाव घ्यायचं नाही. ती म्हणाली, "बाई गं, तू काय बँक लुटायला आली आहेस का?" तुझा मंगळवारचा वर्ग त्या दिवशी रद्द झाला होता हे मला कुठून कळणार? मी दोन नंबरच्या खोलीत कागदी झगा घालून बसले होते. डॉक्टर दार वाजवून एकटे आत आले, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "रोवीना, बाहेर विद्यार्थिनी उभी आहे. कोण ते तुला माहीत आहे. तरी मी सगळ्यांना विचारतो तेच तुलाही विचारणार. आत आली तर चालेल का?"

मी म्हटलं, नको.

त्यांनी दार बोटभर उघडून तुला सांगितलं, "इथे नको, मार्ला." तू म्हणालीस, "बरं, सर." तो तुझा "बरं, सर" मी आतून ऐकला. आयुष्यात पुष्कळ गोष्टी ऐकल्या, त्याइतकी जड कुठलीच नव्हती.

मग त्यांनी मला निजवलं आणि दोन्ही तळवे माझ्या पाठीखाली, फासळ्यांपाशी ठेवले. बराच वेळ ते भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "बोल्टच्या मशीनवर होतीस ना तू? त्या दगडाची धूळ कोळशापेक्षा वाईट." फोटो लावला तेव्हा त्यांना समजवावं लागलं नाही. हर्शेलचा फोटो मी इतक्या सुनावण्यांत वर धरून दाखवला आहे, की त्या फोटोचा सख्खा भाऊ मला लांबूनही ओळखता येतो. ते म्हणाले, हे आज-उद्याचं नाही, वर्षं आहेत, किती ते मला माहीत नाही आणि जो सांगेल त्यालाही माहीत नसेल. पुढे म्हणाले, "तुझं गुपित माझ्याकडे राहील. पण ती पोरगी मला विचारणार, डॉक्टर, माझं काय चुकलं? तेव्हा मला गप्प बसावं लागेल. मला ते जमेल, माझा धंदाच तो आहे. तुला जमेल का, रोवीना?" मी ऐटीत म्हटलं, थेरॉन ब्लेव्हिन्स, मला काय जमत नाही? पाच दिवस जमलं. रविवारी तू फोन केलास.

म्हणून हे पत्र. बाबांच्या वेळी तू दोन वर्षं कॉलेज सोडलंस, त्यांच्या नळ्या बदलल्यास, आणि मी ते होऊ दिलं, कारण मला तुझी गरज होती. आता सांगितलं तर तू माझ्यासाठी घरी बसशील, या भीतीने मी तुला दाराबाहेर ठेवलं, आणि तू त्या दारापायीच घरी बसायला निघालीस. तू नकोशी होतीस म्हणून मी नको म्हटलं नाही. त्या खोलीत ज्या एका माणसाचा हात मला हवा होता, तो बाहेर उभा होता. पुढच्या बुधवारी सकाळी मी पुन्हा तिथेच असेन. डॉक्टर दार वाजवून एकटे आत येतील आणि विचारतील. तू गुरुवारी मुलाखतीला जाणार असशील, तर मी हो म्हणेन. मग आत ये, कोपऱ्यात उभी राहा, रडू आलं तर रड, पण डॉक्टर हात कुठे ठेवतात, किती दाबतात, कधी थांबतात, ते नजर न हलवता बघ. दुसऱ्या दिवशी मुलाखतीतली माणसं विचारतील, दवाखान्यात काय पाहिलंस, तेव्हा तुला नेमकं सांगता आलं पाहिजे. पण मुलाखत रद्द करून माझी सेवा करायला आली असशील, तर माझं उत्तर गेल्या मंगळवारचंच असेल, आणि या खेपेला मी ते इतक्या मोठ्याने देईन, की डॉक्टरांना तुझ्यासाठी दार उघडावं लागणार नाही.

बुधवारी त्या दाराच्या आतल्या बाजूला असलेली,
तुझीच,
आई