यानात चढलेलं अस्वल

२१ जून, दुपार

नाना, खूप दिवसांनी लिहितेय. तुम्ही गेल्यावर वहीत तुमच्याशी बोलायची सवय होती, ती संसारात कधी सुटली ते कळलंच नाही. राग मानू नका.

आज तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, मोबाइलवर एक नवा सिनेमा बघत होती. कार्टूनमधले प्राणी भलत्याच एका अंतराळ-मालिकेतल्या यानात शिरतात आणि यानातली माणसं त्यांना सरकून जागा देतात. मी म्हटलं, हे इथं कसे? "क्रॉसओव्हर म्हणतात त्याला, आई. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आणायच्या. आता सगळेच करून राह्यलेत." मी म्हटलं, तुझ्या आजोबांनी अंकुशनगरला हे कधीच केल्तं. मग सगळं सांगावंच लागलं.

साखर कारखान्याच्या क्वार्टरमधली पुढची खोली. आई शेंगा फोडतेय. आम्ही दोघं बहीणभाऊ मामाकडे असताना तुम्ही आमच्यासाठी टीव्हीवरचा एक कार्टून सिनेमा कॅसेटवर उतरवून ठेवला होता, नदीकाठी आईपासून चुकलेल्या अस्वलाच्या पिल्लाचा. पिल्लू पाण्यात पाय घालतं, पडद्यावर मुंग्या येतात आणि एकदम अंतराळयान! तुमची रविवारची मालिका तुम्ही त्याच कॅसेटवर घेतली होती. धाकटा रडायलाच लागला.

"नाना, अस्वल कुठं गेलं?"

तुम्ही म्हणालात, "कुठं जाईल? यानात चढलंय. मागं सामान ठेवतेत ना, तिथं दडून बसलंय बघ."

"पुसलं म्हणा की सरळ," आई म्हणाली.

"पुसलं न्हाई. त्याच्या मायला हुडकायला पाठवलंय. वरून नदी सगळी दिसती."

त्यानंतर मालिका लागली की आम्ही माणसांकडे बघायचोच नाही, यानाचे कोपरे बघायचो. एखादं दार आपोआप उघडलं की तुम्ही म्हणायचात, "त्यानंच दाबलं बटण." शेवटच्या भागाला सगळं सांगतो म्हणाला होतात. नेमकं तेव्हा गाळप जोरात, तुमची पाळी लागली. मग आम्ही मोठे झालो आणि विचारायचं राहून गेलं. हे असंच घडलं का, याची मला खात्री नाही. बटणाचं कदाचित धाकट्यानं काढलेलं असेल. पण मायला हुडकायला पाठवलंय, हे तुमचंच.

पोरगी खूप हसली. मग बॅगेत कपडे भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग भेटली का त्याला आई?" उद्या ती अकरावीसाठी लातूरला चाललीय. हॉस्टेलचा विषय निघाला की एरवी थट्टेवारी नेते, आज नेला नाही. "सांगते," एवढंच मी म्हणाले.

तो सिनेमा मोबाइलवर मिळतो, मघाशी शोधला. शेवट बघून खरं काय ते सांगता आलं असतं. पण त्या शेवटात यान नसणार, आणि आपलं अस्वल तर यानात आहे. बंद केला. तुम्ही काय सांगणार होतात ते मला माहीत नाही, नाना. मी सांगेन ते माझंच असेल, आणि तरी तुमच्या नावावर सांगणार आहे.

उद्या: एसटी शहागडच्या पुलावर आली, खाली गोदावरी दिसली, की अस्वलाचं पुढचं सांगणे.