पडवीच्या तळाचा नमदा

बिश्केक, ६ ऑक्टोबर १९९६

चि. एसेन यास बुरुलताईचे अ. उ. आ., आणि सोबत थोडी कानउघाडणी.

आबांच्या खोकल्याची बातमी तू सोडून सगळ्यांनी कळवली. एकोणऐंशीव्या वर्षी दिवसभर त्या काचेच्या पडवीत बसायचं, आणि खाली दगडी खांबांमधून शिरणारा नारिनचा वारा फळ्यांतून वर येणार. मी वीस नोव्हेंबरला येते. पडवीत अनवाणी उभी राहून एक वाटी चहा पिईन. वाटी संपण्याआधी पाय बधिर झाले, तर आबा माझ्याबरोबर बिश्केकला, पाचव्या मजल्यावर. सबबींना अलंकार घालून पाठवू नकोस.

लोभ आहे म्हणूनच ओरडते.
तुझी ताई

नारिन, १५ ऑक्टोबर

ती. ताईच्या (सध्या बूट घातलेल्या) चरणी एसेनचा सा. न. वि. वि.

आज्ञा शिरसावंद्य. स्थलांतराचा प्रस्ताव आबांपुढे सविनय ठेवला. ते म्हणाले, पाचव्या मजल्यावरून सगिंदिक दिसत नाही. समोरच्या पडवीतील सगिंदिककाकांशी आपल्या तीर्थरूपांची स्पर्धा बावीस हिवाळे अखंड चालू आहे, हे तुला विदित आहेच: संध्याकाळी जो आधी घरात जाईल तो पराभूत, आणि दुसऱ्या दिवशी त्याने टोमणे मुकाट्याने श्रवण करायचे. आबा बिश्केकला गेले, तर काका यावच्चंद्रदिवाकरौ विजयी.

म्हणून मी पडवीखाली उताणे शयन करून तुळयांमधल्या पोकळ्यांत पाच मेंढ्यांची लोकर स्वहस्ते ठासली. खालून फळ्या ठोकणे मला अनावश्यक वाटले. माझ्या स्थापत्यशास्त्रातील हे एकमेव न्यून. तिसऱ्या दिवशी लोकर दाढीसारखी लोंबू लागली, कोंबड्यांनी तीत प्रसूतिगृह स्थापिले आणि कुत्र्याने उर्वरित भाग गल्लीभर वितरित केला. काकांनी समोरून पृच्छा केली की, आधी म्हातारं कोण झालं, ओमुर की त्याची पडवी. आबा खोकत होते.

कोंबड्या सुखरूप आहेत. लोभ आकसू न देणे.
तुझा एसेन

बिश्केक, २६ ऑक्टोबर

चि. एसेन यास आशीर्वाद.

आबांची खाट इथे लावून झाली. खिडकीतून बसथांबा दिसतो. भांडायला कुणी ना कुणी मिळेलच.

ताई

नारिन, ९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

अघटित घडले. आबा बाजारात गेलेले पाहून काल सगिंदिककाका हातगाडीभर जुने, दाबलेल्या लोकरीचे जाड नमदे घेऊन अवतीर्ण झाले. म्हणाले, जुन्या तंबूचे आहेत, मुलांना तंबू उभारता येत नाही, पडून सडतायत. मग पंचाहत्तर वर्षांचा तो पुरुष माझ्या आधी पडवीखाली सरपटत गेला. नमद्याचे दोन थर त्याने बसवले. खालून फळ्या मी ठोकल्या, तेही त्याच्या शिव्यांच्या मार्गदर्शनाखाली. आबांना सांगशील तर तंगडं मोडीन, असे बजावून शेवटी म्हणाला की, ओमुर गेला तर मी जिंकलेलं बघणार कोण?

तेव्हा ही वार्ता गोपनीय. मला दोन्ही तंगड्यांविषयी ममत्व आहे.

तुझा एसेन

बिश्केक, २५ नोव्हेंबर

चि. एसेन यास आशीर्वाद.

एक वाटी ठरली होती, मी तीन प्यायले. तेव्हा आबा तुझ्याकडेच राहतील. इथली खाट मोडून ठेवली.

पण निघताना पायरीवर बूट चढवत होते, तेव्हा समोर नजर गेली. काकांच्या पडवीचा तळ उघडा आहे, आणि खिळ्यांना नमद्याचे तुकडे लोंबतायत. तंबूबिंबू काही नाही रे, स्वतःच्या पायाखालचे काढून दिलेत त्यांनी. हे मी आबांना तिथेच दाखवलं. तंगडं तुझं पणाला होतं, माझं नाही.

काकांसाठी नमद्याचे बूट पाठवतेय. मोठे आहेत म्हणतील, तरी घालायला लाव.

ताई

नारिन, ४ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बूट पावले. काका मोठे आहेत म्हणाले, आणि घातले. त्यांच्या पडवीच्या तळाला तूर्त नुसत्या फळ्या मी उद्या ठोकतो. नमदा शोधतो आहे.

एक विलक्षण वृत्त. तू गेलीस त्या दिवसापासून आबा रोज हरतात. सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वीच उठून आत येतात, आणि ते उठताक्षणी समोरचे काकाही घरात अंतर्धान पावतात. सकाळी काकांचे टोमणे आबा मान खाली घालून, अवाक्षर न काढता ऐकतात.

मी काल कारण विचारले. म्हणाले, काय करू, या फळ्या फार तापतात, बसवत नाही.

उष्णता इकडे विपुल आहे. तुझ्या लोभाची तेवढी भर पडत राहो.
तुझा एसेन