ब्रिस्केट, न चाखता

आई,

तुला आवडणार नाही असं काहीतरी सांगायचंय, म्हणून घोळ न घालता आधीच सांगून टाकते. गेल्या रविवारी मी घरी मोठ्याचं मटण केलं. घरात नाही, बाहेर, गाडी लावायच्या जागेत, झाकणाच्या शेगडीवर, दिवसभर धुरावर. सुरी वेगळी, परात वेगळी, फडकंसुद्धा वेगळं. तुझी मटणाची पातेली परसातल्या फळीवर पालथी असायची आणि स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडायची नाहीत, तशी माझी ही परात आता सायकलींच्या मागे उभी आहे. तू माळकरी होतीस म्हणून तुझी भांडी वेगळी. माझ्या गळ्यात माळ नाही, बकऱ्याचं मी आवडीने खाते, पण मोठ्याचं इतकी वर्षं जपानात राहून कधी तोंडाला लावलं नाही. का, ते विचारू नकोस, तुझीच मुलगी आहे. आता कपाळाला हात लाव आणि पुढचं ऐक.

तुझी नात घरी आलीय. तू तिला पाहिलंस तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. आता मोठी झालीय, टोक्योत नोकरी करत होती, वसंत ऋतूत एक बॅग घेऊन कोबेला आली, वरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ऑफिसात काय झालं ते सांगत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात आणि म्हणालेत, घाई करू नका. घाई करू नका म्हणे! रोज दाराशी ताट ठेवायचं आणि संध्याकाळी वरणावर साय धरलेलं तेच ताट उचलून आणायचं, हे मी महिनोन् महिने करतेय. कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दिवसरात्र चालणाऱ्या दुकानातून, स्वतःच भाताचा गोळा आणते, अर्धा खाते. जावई तुझे पुण्याला, त्यांच्या आईच्या आजारपणात अडकलेले. घरात आम्ही दोघीच आणि मधे एक जिना. पोर डोळ्यांदेखत वाळत चालली होती आणि मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

एक दिवस दाराबाहेरून विचारलं, "अगं, काय खावंसं वाटतंय ते तरी सांग." मग आतून आलं, "ब्रिस्केट." आणि लगेच, "मुरी देशो." म्हणजे, नाहीच जमणार ना. मराठी तिला कळतं, बोलताना मात्र जपानीच येतं तोंडात. ती टेक्ससला दोन वर्षं शिकली, तिथे हे घरोघरी करतात. गाईच्या छातीचा मोठा तुकडा, पुढच्या पायांमधला. सगळं वजन त्याच्यावर, म्हणून चिवट. चुलीवर घाईत केला तर चपलेचा तळवा. दिवसभर मंद धुरात ठेवला तर बोटाने तुटतो. मी दारापुढे उभी होते आणि मला राग आला. इथे सगळे उठसूट "मुरी" म्हणतात, वर हसून म्हणतात. पण माझ्या घरात मला कोणी म्हणायचं नाही.

शिवाय उष्णता हा माझा धंदा आहे, आई. प्रयोगशाळेत मी भट्ट्याच सांभाळते. धातू किती तापवायचा, किती वेळ त्या तापमानाला धरायचा, किती सावकाश निववायचा, यावर माझा पगार चालतो. मटणाच्या तुकड्याची ती काय मिजास! बाजारातल्या खाटकाकडे गेले. इथे मटण कागदासारखं पातळ कापून मिळतं. मी अख्खा तुकडा मागितला तर त्याने दोनदा विचारलं, कापून देऊ ना? नको म्हटल्यावर आतून म्हाताऱ्या वडिलांना बोलावून आणलं, मला दाखवायला.

आणि मग मी काय केलं असेल? जे आपल्यातली कुठलीही बाई करेल तेच. म्हटलं, दिवसभर कोण धूर घालत बसतंय, आधी कुकरला चार शिट्ट्या काढू, मग तासभर धूर दाखवू. एक जुना कुकर त्यासाठी बळी दिला. मऊ झालं की! दोरे दोरे झाले. ताट वर नेलं, दार चार बोटं उघडलं, तिने वास घेतला. "शिचू जान," म्हणाली. अगं, हा तर रस्सा आहे. दार बंद. पण बंद होताना ती किंचित हसली होती, हे मी पाहिलं. त्या एवढ्याशा हसण्यावर मी पुढचा आठवडा काढला.

तेव्हा मला पाया आठवला. मी नववीत सायकलवरून पडून पाय मोडला होता. हाड भरून यायला बकऱ्याच्या पायांचं सूप द्या, असं कुणीतरी अण्णांना सांगितलं आणि तू सकाळीच परसातल्या चुलीवर पातेलं चढवलंस. खाणारी मी, करणारी तू, आणि तुला त्याचा थेंबही चालायचा नाही. मला पलंगावरून खिडकीतून सगळं दिसत होतं. तू मोठी लाकडं ओढून बाहेर काढलीस, निखाऱ्यांवर राख सारलीस आणि झाकणावर दगड ठेवलास. धाकटी काकू येता-जाता झाकण उचलून बघायची. तिसऱ्यांदा तू तिच्यावर खेकसलीस, "आगं सारखं काय उघडतीस? शिजतंय ते, पळून न्हाई जायचं!" संध्याकाळपर्यंत ते पातेलं हूं का चूं न करता शिजत राहिलं. अण्णा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या मंडळींना वासावरनं मीठ कळतं. सगळ्या भावकीत तुझी तीच ख्याती होती.

तर रविवार. आदल्या दिवशी मी शेजारी बिस्किटांचे डबे देऊन आले. उद्या आमच्याकडे धूर होईल, त्रासाबद्दल माफ करा. इथे लोक उन्हात गाद्या वाळत घालतात, त्यांना मटणाचा वास लागला तर आयुष्यभर कोणी बोलायचं नाही, आणि ते न बोलणंही अगदी हसतमुखाने. उजवीकडच्या घरातल्या आजींनी विचारलं, कशासाठी एवढं? म्हटलं, मुलीसाठी. त्यांनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. "उद्या मी गाद्या घालणारच नाही," म्हणाल्या.

उजाडताच शेगडी पेटवली. एका बाजूला निखारे, त्यावर साकुराच्या, म्हणजे इथल्या चेरीच्या, लाकडाचे तुकडे, मधे पाण्याची थाळी, दुसऱ्या बाजूला मटण. मीठ आणि भरड मिरी, बास. आलं-लसणाकडे हात जात होता, मागे घेतला. झाकणाखाली एकशेदहा-वीस अंशांच्या आसपास ठेवायचं. खालचं हवेचं भोक बोटभर उघडलं की चढतं, मिटलं की उतरतं, तुझ्या राखेसारखंच. तुकड्यात थर्मामीटर खुपसलेला. सकाळभर आकडा चढत गेला आणि मी खूश. आणि दुपारी सत्तरच्या जरा पुढे जाऊन तो थांबला तो थांबलाच. अर्धा तास, तास, ढिम्म! बाई गं, मी घाबरले. झाकण उघडलं, निखारे हलवले, परत झाकलं, परत उघडलं. भट्टी असती तर शांतपणे चहा पीत बसले असते. इथे मला वाटत होतं की हा आकडा हलला नाही तर वरचं दारही उघडायचं नाही.

चौथ्यांदा झाकणाला हात घातला तेव्हा पाठीमागून आवाज आला, "आई, आकेनाइदे." उघडू नकोस. ती दारात उभी होती, घरातल्या कपड्यांत, केस विस्कटलेले, धुरामुळे डोळे बारीक केलेले. मी झाकणावरचा हात काढून घेतला. बोलले असते तर रडलेच असते. तिने गाडीजवळचा प्लॅस्टिकचा स्टूल ओढला आणि बसली. इंग्रजी-जपानी मिसळून मला समजावू लागली, की इथे ते असंच अडकतं, सगळ्यांचंच अडकतं, मटणातलं पाणी वर येऊन उडत असतं आणि त्याला गार ठेवतं. आग वाढवली तर वरून कोरडं पडेल. मी भट्टीवाली बाई, मला हे कळायला नको? आपला माठ दुसरं काय करतो! पण मी म्हटलं, "हो का? मग काय करायचं?" ती म्हणाली, "मात्सु." थांबायचं.

थांबलो. मधे तिनेच तुकडा जाड कागदात गुंडाळला आणि परत ठेवला. आणि मग, शेगडीकडे बघत, ती मराठीत म्हणाली, "आई, मी टोक्योला परत नाही जाणार. कधीच." वाक्य जुळवून आणलेलं होतं, किती दिवस मनात जुळवत होती देव जाणे. मी म्हटलं, "बरं." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "एवढंच?" म्हटलं, "एवढंच. कोळसा टाक." मग हळूहळू ऑफिसातलं बोलली. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मला त्या माणसांचा संताप आला आणि तिच्यावर लहानपणीसारखी माया दाटून आली, दोन्ही एकदम.

ऊन उतरताना सुरी लोण्यात जावी तशी आत गेली, काढलं. आणि आता म्हणे आणखी तास-दीड तास तसंच गुंडाळून ठेवायचं, नाहीतर कापल्यावर सगळा रस परातीत. मी म्हटलं, आपल्यात म्हणतात, शिजेपर्यंत दम निघतो, पण निवेपर्यंत निघत नाही. तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. कळल्यावर खुदकन हसली आणि पुढचा तासभर मी परातीकडे पाहिलं की बोट नाचवत "दम, दम" करत राहिली. मधेच ती आंघोळीला गेली.

आई, मिठाला वास नसतो. हे मला शाळेतच कळलं होतं. आणि त्या दिवशी मला खिडकीतून दिसलंही होतं. काकू आत गेल्यावर तू इकडेतिकडे पाहिलंस, डावातला रस्सा बोटावर घेतलास, जिभेला लावलास, थुंकलास, चिमूटभर मीठ टाकलंस. मग चूळ भरलीस आणि माळेला हात लावून तशीच उभी राहिलीस. दुसऱ्या दिवशी काहीच खाल्लं नाहीस. विचारलं तर म्हणालीस, पित्त झालंय. सूप अगदी बेताचं खारट होतं आणि मी ते भांडंभर प्यायले. मी कुणाला बोलले नाही, तुलाही नाही.

ती आंघोळीहून आली, जेवायच्या टेबलावर येऊन बसली, माझ्यासमोर. चार काप खाल्ले, भात मागून घेतला. "शिओ, चोउदो," म्हणाली, मीठ अगदी बरोबर. "How did you know? तू तर खात नाहीस." मी म्हटलं, वासावरनं कळतं, तुझ्या आजीलाही कळायचं. तिने डोळे मोठे केले. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे कागद टेबलावर असेच उघडे पडले तरी चिंता नाही.

ती आंघोळीला गेली होती तेव्हा मी कडेचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला होता. तू थुंकली होतीस. मी नाही थुंकले गं.